मानेखालचा टॉवेल

मित्रांनो, मी एक जुनी मशीन आहे आणि स्वभावाने पक्की भित्री आहे. हसू नका. माझं काम तुमच्या गळ्यात पडलं असतं, तर तुमचीही घाबरगुंडी उडाली असती.

मी कानाचा तोल तपासते. कानाच्या अगदी आत, ऐकण्याच्या भागाला लागूनच, आपल्याला सरळ उभं ठेवणारा एक चिमुकला भाग असतो. मी कानात मोठ्याने ‘ठक ठक’ आवाज करते. तो भाग जागा असेल तर दचकतो आणि मानेचा स्नायू किंचित हलतो. मानेवर चिकटवलेल्या पट्ट्यांमधून मला ते कळतं आणि माझ्या पडद्यावर लाट उमटते. अट एकच. आडवं पडून डोकं उचलायचं आणि मान ताठ धरायची. मान सैल पडली की लाटही गायब. मग कान निकामी झालाय की मान दमलीय, हे मला सांगता येत नाही. माझ्या भीतीचं मूळ हेच.

कारखान्यातून दवाखान्यात आले तेव्हा माझं कोण कौतुक! डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवायचे. पुढे माझे कोपरे झिजले, वायरींना चिकटपट्ट्या लागल्या आणि कौतुक आटलं. विश्वास मात्र तेवढाच राहिला. मला त्याचीच धास्ती वाटायची.

एकदा एक रंगारी काका आले. उंच इमारतींना बाहेरून रंग देणारे. बांबूच्या परांचीवर उभं राहून काम करताना त्यांना गरगरलं होतं. डॉक्टरांनी कान ठीक म्हटले तरच वर चढायचं, असं मुकादमाने बजावलं होतं. काकू दाराशी पिशवी छातीशी धरून बसल्या होत्या.

मान उचलली की पुन्हा गरगरेल, या धसक्याने काका डोकं उचलायलाच तयार नव्हते. तपासणी करणारी ताई मोठी मायाळू. तिने टॉवेलची घडी करून त्यांच्या मानेखाली सरकवली.

“टेका काका, आरामात पडा. झालंच आता.”

मान सैल पडली आणि मी कितीही ठकठकले तरी दोन्हीकडे सपाट रेघा. डॉक्टरांनी त्या पाहिल्या.

“दोन्ही बाजू सारख्याच आहेत. या वयात लाट मंदावतेच. काळजी नको, जा कामावर.”

“उद्याच चढतो!” काकांचा चेहरा उजळला. मला ओरडावंसं वाटत होतं. पण ठकठकीपलीकडे मला वाचा नाही, आणि तीही कोणी कळ दाबली तरच. उद्या हे परांचीवर उभे राहणार आणि खाली नुसता रस्ता! काका चपला घालून निघालेसुद्धा.

ताई पलंग आवरायला लागली. टॉवेल उचलताना तिचा हात थबकला.

“अगं बाई! मान टेकलेलीच होती की!” आणि ती जिन्याकडे धावली.

काका वैतागले. “आता परत कशाला? पास झालो ना मी?”

“चूक माझी आहे, काका. एकदाच मान उचला. पाया पडते तुमच्या.”

काका जागचे हलेनात. शेवटी काकू म्हणाल्या, “अहो, चला. मला रोज जीव मुठीत धरून तुमची वाट बघायची नाहीये.”

या वेळी त्यांनी डोकं उचललं. मान ताठ झाली. उजव्या कानाला लाट उसळली. डाव्याला काहीच नाही. ताईने कानात मळ नाही ना ते पाहिलं, पट्ट्या बदलल्या आणि पुन्हा कळ दाबली. पुन्हा तेच. डॉक्टरांनी आधीच्या सपाट रेघा आणि ही लाट शेजारीशेजारी लावून पाहिल्या.

“चुकलंच माझं,” ते हळूच म्हणाले. “काका, डाव्या कानाचा तोल गेलाय. वर चढू नका.”

काकांना रडू फुटलं. “सगळं आयुष्य वर गेलं हो माझं.”

“आज खाली आहात ना,” काकूंनी त्यांचा हात घट्ट धरला, “मग बाकीचं बघू.”

मित्रांनो, माझी भीती काही गेलेली नाही. नव्या माणसाच्या मानेला पट्ट्या लागल्या की ती परत येते. माझी धूळ पुसा, माझ्या वायरी जपा, पण माझ्यावर डोळे झाकून विसंबू नका. माझं उत्तर आवडलं नाही, तर तुम्ही पुन्हा विचारताच. पण उत्तर ऐकून हायसं वाटलं, तरीही मला एकदा पुन्हा विचारा.