मागच्या दाराची फट

"गजाननभाऊ, मशीन चालवा ना बाप्पा! थांबून काय राहिले?"

शेजारच्या रजनीवहिनी ओरडत होत्या आणि माझ्या हातातल्या कटरची चकती तिसऱ्यांदा फुटली होती. सकाळचे नऊ. बापूजींच्या मागच्या दाराशी मी, वहिनी आणि अर्धी गल्ली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बापूजी दिसत होते. ओट्याला पाठ टेकून फरशीवर बसलेले, छाती धरलेली, बनियान घामानं भिजलेलं. एकदा त्यांनी आमच्याकडे बघून हात हलवला. या म्हणत होते की राहू द्या म्हणत होते, मला अजून कळलेलं नाही.

समोर चॅनल गेट, त्याला आतून कुलूप, त्यामागे सागवानी दार. खिडक्यांना बोटाएवढ्या जाड सळया. मागे दुहेरी पत्र्याचं लोखंडी दार, आतून दोन कड्या. सगळं माझ्या हातचं. सौंसरात गजाननच्या वेल्डिंगला तोड नाही, असं मीच सांगत फिरायचो ना? घे मग. माझंच दार तोडायला मला पस्तीस मिनिटं लागली. आत शिरलो तेव्हा बापूजींची मान खाली पडली होती. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, अर्धा तास आधी आणायला हवं होतं.

सुरुवात झाली दिवाळीनंतर. आमच्या वस्तीतली दोन घरं फुटली आणि लोकांची झोप उडाली. जो तो माझ्या दुकानात. बापूजी माझे शाळेतले गुरुजी. बायको गेल्यापासून एकटेच राहायचे. मुलगा तुषार इंदूरला नोकरीला. त्यानंच फोन करून सांगितलं, "काका, बाबांचं घर पक्कं करून द्या."

मागचं जुनं लाकडी दार मी काढायला गेलो. आमच्याकडच्या मागच्या दारांना असते तशी त्यालाही कडीजवळ एक फट होती. बाहेरून हात घालायचा, कडी सरकवायची, की आत. शेजारच्या रजनीवहिनी रोज सकाळी तशाच येत. हाक मारायची पद्धतच नव्हती. कधी वाटीभर भाजी ठेवून जात, कधी म्हातारा उठला का एवढंच बघून जात.

"गज्या," बापूजी म्हणाले, "नव्या दाराले रजनीचा हात जाईल येवढी जागा ठेवजो."

"कायले बापूजी? जिथून शेजारनीचा हात जाते, तिथून चोराचाबी जाते!"

माझ्या वाक्यावर मीच खूश. वहिनी चहाचा कप घेऊन तिथंच उभ्या होत्या, त्याही हसल्या.

"तुयं खरं हाये," बापूजी म्हणाले. "पन मले कोंडल्यासारखं वाटते रे. ठेव जागा."

"हाव, ठेवतो ना," म्हणालो, आणि दुकानात जाऊन पत्रा सरळ मारून टाकला. फट ठेवली असती तर काम अर्धवट दिसलं असतं, दुसरं काय! दार बसवलं तेव्हा बापूजींनी त्या जागेवरून हात फिरवला आणि फक्त माझ्याकडे पाहिलं. शाळेतही ते कधी मारत नसत. चार शिव्या हासडल्या असत्या तर तिथल्या तिथं भोक पाडून दिलं असतं मी.

तुषार संध्याकाळी पोचला. अंत्यसंस्कार आटोपल्यावर त्या तुटक्या दारापाशी येऊन उभा राहिला.

"काका, इथं फट होती ना? रजनीकाकू इथूनच येत होत्या. बाबांनीच बंद करायले लावली का?"

"हो ना," माझ्या तोंडून निघून गेलं. "तेच म्हनाले, बंद कर."

वहिनी शेजारीच होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पदर डोक्यावर ओढला आणि आत निघून गेल्या.

पुढचे बारा दिवस गावभर तेच. चहाच्या टपरीवर, पानठेल्यावर. म्हातारा मोठा भित्रा निघाला बाप्पा, आपल्याच हातानं कोंडून घेतलं! त्यात कापड दुकानवाला भूपेंद्र येऊन म्हणतो कसा, "गजाननभाऊ, बापूजीसारखंच दार माह्या घरी बसवून द्या. तुमालेच पस्तीस मिनिटं लागले म्हंते!" धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तरी मी तोंड उघडलं नाही.

तेरवीच्या दिवशी पंगतीत बसलो. तुषार स्वतः वडे वाढत होता. माझ्यापाशी थांबला.

"काका, पोटभर जेवा. तुमी त्या दिवशी लई धडपड केली." मग बाजूच्याला म्हणाला, "बाबाच जिद्दी होते. कोनाचं आयकतच नोते."

माझं पाप मेलेल्या माणसाच्या माथी मारून मी त्याच्याच तेरवीचे वडे खात होतो. हातातला घास पानात ठेवला.

"तुषार," मी म्हणालो, "बापूजी जागा ठेव म्हनाले होते. दोनदा म्हनाले. मीच ठेवली नाई. तुले खोटं सांगितलं मी."

दोन पानं पलीकडे कढी वाढणाऱ्या वहिनींचा हात थांबला. तुषार परात घेऊन तसाच उभा. वाटलं, आता ही परात माझ्या डोक्यात घालतो. घातली असती तर बरं झालं असतं. पंगतीच्या टोकाकडून कोणीतरी वडे मागितले. तेव्हा तो वाकला आणि माझ्या पानात आणखी दोन वडे ठेवले.

"जेवा," म्हणाला. नुसतं जेवा. काका म्हणाला नाही.

पान सोडून उठलो असतो तर तेही पळणंच झालं असतं. खाली मान घालून, शेवटचा घास संपेपर्यंत मी तिथंच बसून जेवलो.