गाठीच्या वरून

सगळ्या शिलाईखान्याला वाटायचं, तिची पाठ दुखते. थाप तिनंच मारली होती. खरं दुखणं होतं गुदद्वाराशेजारी: एक भोक, त्यातून पू, दोन वर्षं. बसवेना म्हणून ती इस्त्रीवर उभी राहायची. बायकांनी नाव पाडलं, उभीताई. मास्तरांनी मात्र बजावलं, "तीन महिन्यांत परत मशीनवर बसलीस तर ते तुझं. नाहीतर दुसरीला देतो."

गळू समजून दोनदा चिरून झालं होतं. वरून भरायचं, आतून पुन्हा फुगायचं. दात किडला तर माणूस चारचौघांत जबडा उघडून दाखवतो. इथं काही झालं की तोंडाला कुलूप! या लाजेनं किती माणसं सडवली असतील! मास्तरांनी बजावलं त्याच आठवड्यात नणंदेनं कपड्यांवरचे डाग पाहिले आणि तिला ओढतच सर्जनबाईंकडे नेलं.

"भगंदर आहे," बाई म्हणाल्या. "आतून बाहेरपर्यंत बोगदा झालाय. तोंड बुजलं तरी पू आतच. तुमचा बोगदा एकदम कापला तर शौच धरणारा स्नायू जाईल. म्हणून त्यातून दोरा ओवून गाठ मारायची, अधूनमधून आवळायची. दोरा सावकाश कापत जातो, मागून मांस भरत येतं."

"म्हणजे पुढं उसवायचं, मागं शिवायचं."

"अगदी!"

दोरा ओवला गेला. दुसऱ्या आठवड्यात कोमट पाण्याच्या टबात बसली असता बोटाला त्याचं टोक लागलं. वीस वर्षं शिवणारा हात! लोंबता दोरा लागला की कातरायचा. डोकं जागं व्हायच्या आत कात्री चालली, तीही गाठीच्या वरून. गाठीसकट दोरा निसटून पाण्यावर तरंगला.

"वहिनी, तू माणूस आहेस की काजं-बटणं लावलेला सदरा?" नणंद किंचाळली.

ती रडली नाही. तशीच उठून दवाखान्यात गेली आणि सांगितलं, "मीच कापला." बाईंनी पुन्हा भूल देऊन नवा दोरा घातला. घरातल्या कात्र्या नणंदेनं कुलपात टाकल्या.

बाराव्या आठवड्यात दोरा आपसूक बाईंच्या हातात आला. मागं कोरडी, भरलेली जखम.

दुसऱ्या दिवशी ती मशीनवर बसली, ती जेवणाच्या सुट्टीपर्यंत उठलीच नाही.

"पाठ बरी झाली वाटतं?" मास्तर म्हणाले.

"पाठीला काय धाड भरलीय? भगंदर होतं, मास्तर. ढुंगणाला. बरं झालं."

सगळी मशिनं थांबली. मास्तरांचे कान लाल झाले. तिनं पायडलवर पाय दाबला.