उरलेली खोकी

"सेमिसी यायचा बंद झाला, तर मी आहे की गेलो हे कळणार कुणाला, बिन्ती?"

कोंबड्यांना दाणे टाकता टाकता चेन्सूकाका म्हणाला आणि त्याची पुतणी जोसेट हसली; माल्टी बोलीत बिन्ती म्हणजे लेक. काकाच्या बोलण्याला हसायचंच असतं, ही घरची रीत. बायकोनं, देव तिला शांती देवो, लग्नानंतर पहिल्यांदा ससा शिजवला, तेव्हा तो चाखून यानं वकिलाचा पत्ता विचारला होता म्हणे.

"काहीतरीच बोलतोस. मी आहे ना?"

"तू आहेस ग्रेस्टेन्सला. तिथनं माझं घोरणं ऐकू येतं?"

जोसेटला सातवा महिना होता. ती वाफ्याकडेच्या बाकावर टेकली आणि पुन्हा पहिल्यापासून समजावू लागली. काकाच्या किडन्या निकामी झाल्याला तीन वर्षं झाली होती. रोज रात्री पलंगाशेजारचं यंत्र त्याच्या पोटात औषधाचं पाणी सोडायचं, सकाळपर्यंत काढून घ्यायचं, आणि त्यावर त्याचा दिवस चालायचा. त्या पाण्याच्या पिशव्या जोसेटच्याच कंपनीत बनत. ती तिथे पर्यावरण विभागात होती. कारखान्याच्या छपरावर सौर पत्रे चढले होते, पिशव्यांचं प्लास्टिक पातळ झालं होतं, राहिला होता तो गाड्यांचा धूर. पाणी जड, आणि रोगी विखुरलेले. दर पंधरवड्याला छोटी गाडी फिरवण्यापेक्षा दोन महिन्यांतून एकदा मोठी पाठवली, तर कितीतरी फेऱ्या वाचणार होत्या. ज्यांच्याकडे जागा आहे अशा थोड्या रोग्यांवर आधी करून बघायचं ठरलं. बैठकीत पहिलं नाव तिनंच दिलं. काकाची शेड रिकामीच तर होती.

"म्हणजे मी होय म्हटलं की तुझ्या पोरीला चांगली हवा मिळणार?"

"मुलगी आहे हे कुणी सांगितलं तुला?"

"तुझ्या चालण्यानं. आण, कुठे सही करू?"

आता सेमिसीचं सांगायला हवं. हा टोंगाचा धिप्पाड गडी छोटी गाडी चालवायचा. तो खोकी दारात टाकून जात नसे. एकेक खोकं खांद्यावर घेऊन निजायच्या खोलीत नेई, जुनी पुढे ओढून नवी मागे लावी, मग काकाच्या हातची कडू कॉफी पिऊन त्याला शिव्या घाली आणि त्याच्या खाई. परतताना त्याच्या शेजारच्या सीटवर अंड्यांचा पुठ्ठा असायचा. कारखान्याच्या फाटकाशी तो जोसेटला गाठायचा. "घे, म्हाताऱ्यानं दिलीत. मोठी तुझी, बारकी नवऱ्याची. असंच सांगायला सांगितलंय, मला मारू नकोस."

मोठी गाडी कंत्राटदाराची होती, म्हणजे सेमिसीची तिकडची फेरी बंद. ती चढावरच्या कच्च्या रस्त्यानं घरापर्यंत जाईना, म्हणून खालच्या शेडमध्ये माल उतरवून निघून जाई. शेडपासून पलंगापर्यंत खोकं कोण नेणार, हे त्या बैठकीत कुणी विचारलं नाही. जोसेटनंही नाही.

मग लिदिया जन्मली, आणि जोसेटचं जग एका पाळण्याएवढं झालं. पोर झोपली की हिची झोप उडे. छाती वरखाली होतेय ना, हे बघायला ती पुन्हा पुन्हा उठायची; पाळण्यावर कॅमेरा लावला, तरी उठायचीच. कुणी शिंकलं की दार बंद. नवरा म्हणायचा, "अगं, श्वास घेतेय ती. तूच विसरतेयस घ्यायला." लुडनमला, काकाकडे, जायचं राहत गेलं. तिथे आता धूळही फार होती. विमानतळाच्या कामापायी आजूबाजूच्या, काकासारख्याच माल्टाहून आलेल्या बागायतदारांनी जमिनी विकल्या होत्या, काकाच्या घराभोवती नुसती कुंपणं आणि क्रेन उरल्या होत्या.

फोन मात्र दर रविवारी व्हायचा.

"बरा आहेस ना?"

"उत्तम. पोरगी कुणासारखी दिसते?"

"तुझ्यासारखी. टक्कल आहे."

अंडी यायची थांबली होती, हे तिच्या लक्षात आलं होतं. थंडीत कोंबड्या अंडी कमीच देतात, असं तिनं स्वतःशी म्हटलं.

बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर रुजू झाली, तेव्हा आकडे तिची वाटच बघत होते. गाड्यांचा धूर ठरवल्यापेक्षा जास्त उतरला होता. लुडनमची तर एक अख्खी फेरीच वाचली होती. चौकशीच्या फोनवर काकानं सांगितलं होतं, खोकी भरपूर उरलीत, इतक्यात पाठवू नका. वरिष्ठांनी टाळ्या वाजवल्या. तिला अभिमान वाटला, आणि काकाचंही कौतुक वाटलं. किती नीट वापरतो!

लिदियाच्या बाप्तिस्म्याला काका धर्मपिता होणार होता. त्या रविवारी त्याला आणायला जोसेट स्वतः गेली. पोरीला आत्याकडे ठेवून, तीन वेळा फोन करून.

काका स्वयंपाकघरात खुर्चीवर बसला होता. अंगात लग्नातला काळा कोट, एक बूट हातात.

"बूट आकसलेत गं," तो म्हणाला. दोन शब्दांमध्ये थांबून थांबून.

बूट आकसले नव्हते. पाय सुजून खांबासारखे झाले होते. तिनं घोट्याशी बोट लावलं, तर खळगा पडला आणि तसाच राहिला. चेहराही फुगला होता. फोनवर चेहरा दिसत नाही. तो रात्री खुर्चीतच झोपत होता. आडवं झालं की जीव घाबरायचा.

आणि अंडी. स्वयंपाकाच्या ओट्यावर, परातीत, पातेल्यात, त्याच्या उन्हाळी टोपीत, सगळीकडे अंडी. कोंबड्यांनी थंडी मानली नव्हती.

"नेणारं कुणी नव्हतं," काका म्हणाला. "टाकवेनात."

रुग्णवाहिकेला फोन लावत ती शेडकडे धावली, का ते तिलाही माहीत नव्हतं. दार ढकललं. खोकी छतापर्यंत रचलेली होती, कंपनीच्या हिरव्या पानाच्या चिन्हासकट. वरची तेवढी गेलेली. घराच्या पायवाटेवर, अर्ध्या चढावर, एक खोकं पावसानं भिजून फुगून पडलं होतं. तिथपर्यंतच त्याला नेता आलं असावं.

रुग्णालयात ती त्याच्या उशाशी बसली. "एवढं जड होतं तर सांगितलं का नाहीस? एक फोन. सेमिसी धावत आला असता."

"आणि तुझं नाव खराब झालं असतं. काकानंच काम बिघडवलं म्हणाले असते." तो जरा दम घेऊन म्हणाला, "मी एक दिवसाआड करत होतो. चालून गेलं थोडे दिवस." मग डोळे मिटून, "झालं ना तुझं? कमी झाला धूर?"

"झाला, काका."

"मग बरं."

हृदयानं इतके आठवडे अंगात साठलेलं पाणी पेललं होतं. शुक्रवारी हृदय थांबलं. सेमिसी दफनाला आला, शवपेटीचा पुढचा कोपरा त्यानं घेतला. परतताना जोसेटसमोर उभा राहिला, मान लववली आणि गाडीकडे गेला. तिला वाटत होतं त्यानं शिवी घालावी.

लिदियाचा बाप्तिस्मा पुढच्या महिन्यात झाला. धर्मपित्याच्या जागी सेमिसी उभा राहिला. पोर त्याच्या हातात वाटीएवढी दिसत होती.

कंपनीच्या पर्यावरण अहवालात प्रगतीचं पान जोसेटनं लिहायचं होतं. तिनं लुडनमची वाचलेली फेरी आकड्यातून काढली आणि का काढली तेही लिहिलं. खोकं पलंगापर्यंत पोचत नाही तोवर माल पोचला असं धरू नये, असं मांडलं. वरिष्ठ म्हणाले, आकडा काढ हवं तर, पण शेवटच्या चार ओळी राहू देता येणार नाहीत. हे अहवालाचं काम नव्हे. तिनं त्या काढल्या नाहीत. त्या अशा होत्या:

तुमच्या माहितीत कुणी एकटं राहत असेल, आणि तुम्ही फोनवर त्याची खुशाली विचारत असाल, तर तो बरा आहे असंच सांगेल. कृपा करून आज जा. दारातून परतू नका, आत जा. त्याच्याकडे काय संपत आलंय ते सगळेच विचारतात. काय उरलंय ते बघा, आणि त्याला बूट घालून दाखवायला सांगा.