निवटीची पावलं

"ही बिळं कुनी उकरली, काका? मी?"

काळूरामने बांधाच्या भगदाडात पाय घालून दाखवला. मागे त्याचं भाताचं शेत खाऱ्या पाण्याखाली होतं. आता कितीतरी वर्षं तिथे दाणा धरणार नव्हता.

काका म्हणजे बांधाचा राखणदार बुधाजी. त्याची कुत्री चिंबोऱ्यांसाठी बांध उकरते, हे त्यालाही ठाऊक होतं. निवट्या मासळीसारखी चिखलात उड्या मारते म्हणून त्याच्या बायकोने, सोनूबाईने, तिचं नाव निवटी ठेवलं होतं. सोनूबाई गेली. खोपीत निवटी तेवढी उरली.

खाडीपासून गावापर्यंत सगळ्यांची वाट त्याच बांधावरून. गावकी बसली. ठरलं:

*माणसानं जावं.*

*गुरानं जावं, बांध ओला नसेल तेव्हा.*

*कुत्र्यानं जाऊ नये. दिसला तर मारावा.*

बुधाजीने निवटीला होडीतून पलीकडे, लेकीच्या घरी नेऊन सोडलं. एका ओहोटीला ती चिखल तुडवत परत आली. दिवसभर तिवरांच्या झाडीत लपायची. अंधारलं की बांधावरून खोपीशी यायची, मातीच्या परळातला भात खायची, निघून जायची.

"येऊ नको गो," तो म्हणायचा, आणि वाढायचा.

पहाटे, वाट सुरू व्हायच्या आत, ओल्या मातीतले पंजे तो हाताने सारवून टाकायचा.

एकदा उशीर झाला. मासळीची पाटी घेतलेली भागुबाई पुढ्यात उभी. मागे काळूराम.

"हे कुनाचं पाऊल?" काळूरामने विचारलं.

बुधाजीचा हात मातीतच राहिला.

"कोल्ह्याचं," भागुबाई म्हणाली. "काल बघितला मी. माज्या पाटीवर डोला ठेवून व्हता मेला, तुज्यासारखा."

काळूराम हसला. "मंग काका काय, कोल्ह्याचे पाय चेपतो?"

*कोल्ह्याबद्दल काहीच ठरलं नव्हतं.*

म्हणून काळूरामने आपलं आपण ठरवलं. एका दुपारी तो खोपीवर आला. "कोल्हा पन उकरनारच. कुचल्याचं विख घातलेला मासा ठेवून आलो तिवरात."

"कुठं?"

"तुला कशाला?"

"माजा पाय पडंल."

"पायानं कोन खातो, काका?"

बुधाजी गुडघाभर चिखलात शोधत राहिला. अंधार पडला तरी शोधत राहिला.

सकाळी बांधावर पंजे दिसले. खोपीपर्यंत आलेले. रिकाम्या परळाभोवती फिरून, परत तिवरांकडे गेलेले.

तो त्यांच्या मागोमाग गेला. निवटीला तिथेच पुरून आला.

पंजे तसेच होते. त्याने ते सारवले नाहीत. बाजूला उकिडवा बसून राहिला.

भागुबाई आली. थांबली. "बुधाजी, मी आपलं..."

"व्हय," तो म्हणाला.

तिने लुगडं वर खोचलं, पाटी सावरली आणि वाट सोडून खालच्या चिखलात उतरली.