पातेल्यावरची काळी पट्टी

टीव्हीवर आपली जाऊ दिसली की माणसाला आनंद व्हायला हवा. मला दिसलं ते पातेलं.

१९८७ सालची गोष्ट. मद्रास दूरदर्शनवर बायकांच्या कार्यक्रमात माझी थोरली जाऊ धनलक्ष्मी, म्हणजे आमच्या अक्का, तंजावरी स्वयंपाक करून दाखवणार होती. सगळा शेजार आमच्या हॉलमध्ये जमला. अक्कांनी गॅसवर एव्हरसिल्वरचं, म्हणजे स्टीलचं, मोठं पातेलं चढवलं, आणि काठाखाली चिकटवलेली काळी पट्टी माझ्या डोळ्यांत भरली. चांगली चार बोटं लांब, नेमकी नावाच्या जागी.

आमच्याकडे भांडं घेतलं की दुकानदार त्यावर नाव कोरून देतो. सासूबाईंनी आम्हा दोघी सुनांना एकसारखी पातेली घेतली होती. एकावर धनलक्ष्मी, दुसऱ्यावर सईबाई, फरक तेवढाच. माझं पातेलं तीन वर्षांपूर्वी सासूबाईंच्या वर्षश्राद्धाला अक्कांच्या घरी गेलं, ते परत आलंच नाही. "तुझ्या घरींच असेल गे, नीट बघ," असं त्या तेव्हा म्हणाल्या होत्या. मी बघितलं, माळासुद्धा उपसला. आणि आता ही पट्टी! स्वतःचं नाव कोणी झाकतं का?

"काही कारण असेल," माझे यजमान मानाजीराव पुटपुटले. गिंडीच्या कारखान्यात दिवसभर लेथ चालवून आलेल्या माणसाला सगळंच सोपं वाटतं.

"कारण मला कळलंय," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर पातेल्याचं दुःख नव्हतं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडचे मराठी, पण माझी मुलं तमिळच बोलतात, यजमानांचं मराठी जेवणाच्या पानापुरतं. माझ्याशी पोटभर मराठी बोलणारं अख्ख्या मद्रासेत एकच माणूस, अक्का. आम्ही दोघी तमिळमध्ये कधी भांडलोसुद्धा नाही. त्यांनीच फसवावं, हे मला फार झोंबलं.

सकाळी पहिली बस धरली.

"ये गे सई! पाहिलीस का मज?" अक्का खुशीत होत्या. "बस, काप्पी करत्यें."

मी बसले नाही. सरळ स्वयंपाकघरात शिरले आणि फळीवरचं पातेलं उतरवलं. पट्टी अजून तशीच होती. नखाने कोपरा उचलला आणि खस्सकन ओढली.

खाली कंपनीचा शिक्का होता. शिक्क्याखाली कोरलेलं नाव: धनलक्ष्मी.

"टीव्हीवाल्यांनी लावलें तें," अक्का दारातून म्हणाल्या. "सरकारी टीव्हींत कंपनीचें नांव फुकट दाखवूं नये म्हणे. तेलाच्या डब्यास लावलें, गॅसासही लावलें. तूं पाहिली नाहीस?"

नव्हतं पाहिलं. मी पातेल्यावरून नजरच हलवली नव्हती.

"तुझें नांव असेल म्हणून आलीस काय?"

काहीतरी थाप मारावी म्हणून मी तोंड उघडलं, पण पट्टी बोटाला चिकटून होती.

"चुकलं माझं, अक्का."

त्यांनी पातेलं माझ्या हातातून घेतलं, पदराने पुसलं आणि फळीवर ठेवलं. कॉफी केली, मला दिली. स्वतः घेतली नाही. मी गरम गरमच घशाखाली ढकलली आणि उठले.

दाराशी जरा रेंगाळले. निघताना त्या नेहमी म्हणायच्या, "लवकर ये गे सई."

"पोयिट्टु वांग," अक्का म्हणाल्या. जाऊन या. समोरच्या घरातल्या बाईला म्हणतात तसं, तमिळमध्ये.