शेकोटीची डावी भिंत

आयविनने घराच्या भिंतीतल्या शेकोटीचं माप दोनदा घेतलं होतं. दोन्ही वेळा पुढूनच.

त्यामुळे बुधवारी सकाळी लाकडं जाळायची एकशेदहा किलोची बंद लोखंडी पेटी शेकोटीच्या कोनाड्यात अर्धी शिरली आणि अर्धी बाहेर राहिली, उघड्या ड्रॉवरसारखी. कोनाडा मागे निमुळता होत जातो हे माझ्या नवऱ्याच्या गावीही नव्हतं. पेटी जुनी, काचेच्या दाराची, पलीकडच्या गावातल्या एका शिक्षिकेकडून अठराशे क्रोनरला आणलेली. नवी घ्यायची म्हटली तर तेवढ्यात नुसतं दार आलं असतं.

उघड्या शेकोटीने आमचं घर कधी तापलंच नाही. ऊब सगळी धुराड्यातून आभाळाला. ऑक्टोबरातच घरात चौदा अंश, आणि माझी इदून चार महिन्यांची. शेजारच्या घरात सासूबाईंनी, बोर्गहिल्डनी, आमच्यासाठी हिवाळ्यापुरती खोली तयार ठेवली होती. त्या फार प्रेमळ आहेत, तेच अवघड आहे. त्यांच्याकडे दोन दिवस काढले की माझी लेक त्यांच्या घड्याळावर दूध पिते आणि मी पाहुणी होते. तिचा पहिला हिवाळा मला माझ्या घरात हवा होता.

गुरुवारी नगरपालिकेची धुराडी तपासणारी सूलफ्रिड येणार होती. तिच्या सहीशिवाय पेटीत काडी ओढायची नाही. ही तारीख हुकली तर पुढची थेट फेब्रुवारीत.

उपाय सोपा होता, आतली एक बाजू छिन्नीने काढायची. पण शेकोटी सासऱ्यांनी पंचेचाळीस वर्षांपूर्वी, ते या घरात राहत असताना, स्वतःच्या हाताने बांधलेली. इदून झाल्यापासून त्यांना आम्ही आजोबाच म्हणतो. छिन्नी दिसताच ते शेकोटीसमोर खुर्ची टाकून बसले. भिंत सरळ आहे, पेटीच वाकडी आहे, असं त्यांचं म्हणणं. आयविनने भिंतीचा सरळपणा बघायला ओळंबा आणू का विचारलं, तर म्हणाले, ओळंब्याला काय कळतंय. जेवायलाही उठले नाहीत, ताट तिथेच मागवलं.

गुरुवारी सूलफ्रिडसाठी मात्र त्यांना खुर्ची हलवावीच लागली. पेटी आम्ही बाहेर ओढून ठेवली होती. तिने कोनाड्यात डोकं घातलं, बॅटरी फिरवली, एक वीट ठोकली, मग दुसरी.

“डावीकडची भिंत कोणी बांधली?” आतून आवाज आला.

आजोबांना एकाएकी इदूनच्या मोज्यांत फार रस वाटू लागला.

“इथे दोन भिंती आहेत,” सूलफ्रिड म्हणाली. “मागची कामाची. पुढची नुसतीच उभी आहे, बिनकामाची.”

मी इदूनला आजोबांच्या हातात दिलं. ती हातात असली की त्यांना खोटं बोलता येत नाही.

“सांगा ना, आजोबा. हिला थंडी वाजते.”

मग तिच्याचकडे बघत त्यांनी सांगितलं. गवंडी कशाला, मी आठवड्यात बांधतो, अशी फुशारकी त्यांनी बायकोपुढे मारली होती. भिंत वाकडी गेली. ती दिसू नये म्हणून तिच्यापुढे, समोरून सरळ दिसेल असा, विटांचा पडदा उभा केला. एवढं सांगून ते हळूच म्हणाले, “बोर्गहिल्डला कळता कामा नये.”

बोर्गहिल्ड वॅफलची थाळी घेऊन दारातच उभ्या होत्या.

“दुसऱ्यांदा विटा आल्या तेव्हा त्या उतरवून कोणी घेतल्या?” त्या म्हणाल्या. “मीच.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू लपवायला एवढे कष्ट घेत होतास.”

आजोबांनी इदूनला परत दिलं आणि छिन्नी मागितली. आयविनला हातही लावू दिला नाही. दुपारपर्यंत पडदा उतरला, पेटी सुळकन आत गेली. तोवर थांबलेल्या सूलफ्रिडने धुराच्या नळीचे सांधे तपासले. मागची भिंत भक्कम आहे, नुसती लाजून एका बाजूला झुकली आहे, असं म्हणत तिने सही केली.

तासाभरात काच तापली, मग खोली. बोर्गहिल्डनी दुधाची वेळ झाल्याची आठवण करून दिली. मी म्हटलं, तिला भूक लागली की देईन. मी चादर अंथरून इदूनचे पाय मोकळे केले, आणि ती अशी काही लाथा झाडू लागली की बोर्गहिल्डनीही बूट काढून पाय पेटीकडे पसरले.

“आमच्याकडे एवढं उबदार नसतं,” त्या म्हणाल्या. “आम्हीच येत जाऊ रोज.”

आजोबा तोवर स्वतःच्या उशा आणायला निघालेही होते.