निघतानाचं ‘ये’

रक्तपिशाचाची ती कादंबरी मी आजवर नऊ वेळा वाचली आहे आणि पहिली खेप सोडली तर एकदाही पूर्ण वाचलेली नाही. एकशे बारावं पान आलं की मी ते उलटून टाकते. लेकीने विचारलं तर सांगते, भीती वाटते. धादांत खोटं. साठीच्या बाईला कसली आलीय भुताची भीती!

त्या पानावर गढीतला सरदार एका घराच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहतो. रक्ताला वखवखलेला, पण घरातल्या कुणी ‘या’ म्हटल्याशिवाय त्याला आत पाऊल टाकता येत नाही. आणि त्या घरातली बावळट सून हसून म्हणते, ‘या.’

अकरावीत ते पुस्तक मी अंजलीला वाचायला दिलं होतं. अंजली माझ्या बाकावरची, बौद्ध वस्तीतली, माझ्यापेक्षा शंभर पट हुशार. भुताखेतांचं वेड मात्र दोघींना सारखंच. चार दिवसांत वाचून ती परत द्यायला आली. मी दारातच पुस्तक घेतलं आणि आम्ही उभ्याउभ्या तासभर गप्पा मारल्या. मग ती म्हणाली, “येते गं.” मी म्हणाले, “ये.”

तिला घरात घेतलेलं आईला चालायचं नाही, असं मी पुढे नवऱ्याला, लेकीला, सगळ्यांना सांगत आले. पण त्या दिवशी आई येवल्याला मावशीकडे गेली होती. घरात मी एकटीच होते.

ती गेल्यावर पुस्तक चाळलं, तर एकशे बाराव्या पानाच्या समासात पेन्सिलीने लिहिलेलं: ‘याला येताना “या” म्हणतात. मला निघताना.’ मी खोडरबर आणलं आणि कागद झिरझिरीत होईस्तोवर घासलं. दुसऱ्या दिवशी वर्गात नेहमीसारखी बोलले. तिनेही विषय काढला नाही.

मैत्री टिकली बरं का. ती ओझरच्या कारखान्यात ऑफिसात लागली, तिथूनच निवृत्त झाली. भेटायचो ते बाहेर, नाहीतर तिच्या घरी. परवा सकाळी मुलाच्या, संघर्षच्या, लग्नाची पत्रिका घेऊन ती पहिल्यांदाच माझ्या गंगापूर रोडच्या फ्लॅटवर आली. मी दार सताड उघडलं, तिचा हात धरला, पत्रिका वाचली, सुनेची चौकशी केली, बोलतच सुटले. ती आपली पायपुसण्यावर उभी. मला अडवणारं घरात कुणी नव्हतं. आई जाऊनही बारा वर्षं झाली.

“चल, अजून चार घरं करायचीत. येते गं,” ती म्हणाली.

आणि माझ्या तोंडून निघालं, “ये.”

दार लावलं आणि लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईच्या नावावर आणखी किती दिवस खपवणार होते मी? कपाटातून पुस्तक काढून ते पान उघडलं. अक्षरं पुसली गेली होती, पण पेन्सिलीचा दाब उरला होता. खिडकीशी तिरकं धरलं की सगळं वाचता येत होतं.

दुपारी रिक्षा करून पुस्तकासकट नाशिकरोडला तिच्या घरी गेले. माफी मागायची, बस्स, एवढंच ठरवलं होतं. तिने दार उघडलं आणि लगेच म्हणाली, “अगं, ये ये.” माझं पाऊलच उचलेना. मी ते पान उघडून तिच्यापुढे धरलं.

“मी वाचलं होतं गं. त्याच दिवशी. मीच खोडलं.”

तिने चष्मा लावला. पान उजेडात धरलं, त्यावरून अंगठा फिरवला.

“मला वाटायचं, तू ते वाचलंच नाहीस,” ती म्हणाली. “गोष्टीच्या नादात समासाकडे कोण बघतंय. कळलं असतं तर बोलावलं असतंस, असं वाटायचं. त्याच्यावरच इतकी वर्षं काढली मी.”

आतून कुणीतरी विचारलं, कोण आलंय. अंजलीने पुस्तक मिटलं आणि दारातून बाजूला झाली.

“ये आत,” ती म्हणाली. या वेळी माझ्याकडे न बघता.